मोडक्या इंग्रजीतली खरी ऑर्डर

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा घरचा कारखाना असलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. हिशेब आणि कारखान्याचे मेल त्या बघतात. रोज शंभरावर मेल येतात, त्यातले कामाचे आठ-दहा. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. नेहमीच्या सूत व्यापाऱ्याच्या नावाने मेल आला, 'आमचं बँक खातं बदललंय, चालू बिलाचे पैसे नव्या खात्यावर टाका.' बिलाचा नंबर, रक्कम, तारीख सगळं बरोबर. चार लाख साठ हजारांचं आरटीजीएस करायला घेतलं, तेवढ्यात त्याच व्यापाऱ्याचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला म्हणून पैसे वाचले. दुसरी गोष्ट उलटी. ओमानच्या एका गिऱ्हाइकाची खरी इन्क्वायरी अठरा दिवस स्पॅममध्ये पडून होती. आता सासरे म्हणतात, मेल बंद करा, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर धंदा होतो. नवरा म्हणतो, जुना पत्ता टाकून नवा घेऊ आणि चांगलं महागाचं फिल्टर बसवू. ताई लिहितात, 'माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी बरं असतं तर तो मेल खोटा आहे हे कळलं असतं. खोटा मेल ओळखायला नेमकं काय बघायचं, ते सांगा.'

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं सगळं ओझं त्या इंग्रजीच्या वाक्यावर आहे, म्हणून आधी तेच उतरवू. खोट्या मेलमध्ये स्पेलिंगच्या चुका असतात, हा सल्ला एके काळी कामाचा होता. आता ज्याला इंग्रजीचं एक वाक्य धड येत नाही, तोही एआयकडून बँक मॅनेजरला शोभेल असं पत्र लिहून घेतो. मराठीतसुद्धा. उलट तुमची खरी गिऱ्हाइकं कशी लिहितात ते आठवा. 'डिअर, नीड टॉवेल, हाऊ मच वन डझन, शिप मस्कत.' ना सुरुवातीला नमस्कार, ना शेवटी सही. भाषेची गाळणी लावली तर चोर आत येतो आणि गिऱ्हाईक बाहेर राहतं.

आणि सूत व्यापाऱ्याच्या त्या मेलमध्ये वाचून ओळखण्यासारखं बहुधा काही नव्हतंच. इंग्रजीच्या प्राध्यापकांनीही तो खरा मानला असता. तो स्पॅम नव्हता. स्पॅम म्हणजे एकच मजकूर लाखो पत्त्यांवर फेकलेला. हा मेल फक्त तुमच्यासाठी लिहिलेला होता. म्हणूनच महागाचं फिल्टर त्याला हमखास अडवेल असं नाही. त्यात लिंक नाही, फाईल नाही, व्हायरस नाही, आहे तो खाते क्रमांक आणि विनंती. यंत्राच्या लेखी तो रोजचा व्यवहाराचा मेल.

तेव्हा मेल खरा दिसतो की खोटा, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी मेल काय मागतोय ते बघा. पैसे पाठवायला, खातं बदलायला, पासवर्ड किंवा ओटीपी द्यायला, फाईल उघडायला किंवा लिंकवर जाऊन लॉगिन करायला सांगत असेल, तर तो कितीही ओळखीचा वाटो, मेलच्या बाहेरच्या रस्त्याने खात्री करायची. यातलं काही मागत नसेल तर तो खोटा असूनही फारसं बिघडत नाही. रोजच्या शंभरातले नव्वद मेल 'तुमची वेबसाईट गूगलच्या पहिल्या पानावर आणतो' छापाचे असतील. ते त्रासदायक आहेत, धोकादायक नाहीत.

पत्रात तुम्ही एक गोष्ट विचारली नाहीत, पण आज रात्री झोपण्याआधी तीच बघायची आहे. त्या माणसाला तुमच्या बिलाचा नंबर कसा कळला? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, दोघांपैकी कुणाच्या तरी मेलपेटीत तो आधीपासून बसून होता. पासवर्ड मिळाला की असे लोक लगेच काही करत नाहीत. किती दिवसांनी बिल येतं, पैसे कोण पाठवतं, हे वाचत राहतात आणि मोठं बिल निघालं की मध्ये शिरतात. पेटी तुमची असेल किंवा व्यापाऱ्याची, म्हणून दोन्हीकडे तपासायला हवं. त्यांनाही सांगा.

जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर उघडा, फोनच्या ॲपमध्ये यातल्या सगळ्या गोष्टी दिसत नाहीत. वरच्या दातेरी चाकावर टिचकी मारून 'सी ऑल सेटिंग्ज'. तिथे 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' मध्ये तुम्ही न बनवलेला एखादा नियम आहे का बघा. व्यापाऱ्याचे मेल परस्पर कचऱ्यात किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम ही चोराची आवडती खूण, कारण खऱ्या व्यापाऱ्याचा 'पैसे कुठे?' हा मेल तुम्हाला दिसायला नको असतो. शेजारच्या 'फॉरवर्डिंग अँड पॉप, आयमॅप' मध्ये अनोळखी पत्ता नाही ना, आणि 'अकाउंट्स' मध्ये दुसऱ्या कुणाला प्रवेश दिलेला नाही ना, हेही. मग इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डीटेल्स' असं बारीक अक्षर आहे. तिथे अलीकडे पेटी कुठून उघडली ते दिसतं. काही विचित्र दिसलं की आधी ते नियम आणि पत्ते काढा, मग पासवर्ड बदला आणि बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा. नुसता पासवर्ड बदलून चोर जात नाही. फॉरवर्डिंगचा नियम राहिला तर तो बाहेर बसून वाचत राहतो.

त्यानंतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एसएमएसचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण खोट्या पानावर पासवर्ड टाकणारा माणूस त्याच भरात ओटीपीही टाकतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने उघडणारी किल्ली, त्याहून पक्की. ती ज्या संकेतस्थळासाठी बनली तिथेच चालते, हुबेहूब नकलेवर चालतच नाही. तुमचा डोळा फसला तरी ती फसत नाही.

आता पैशांबद्दल. इथे तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. त्यांच्या पिढीने आवाज ओळखून उधारीवर सूत उचललं आणि व्यवहार सांभाळले. मेल बंद करणं जमणार नाही. बँक, जीएसटी, आयात-निर्यात परवाना, सगळं त्याच पत्त्याला बांधलेलं आहे, आणि व्हॉट्सॲपची खातीही पळवली जातात. पण फोन उचलून विचारायची त्यांची सवय हाच या रोगावरचा इलाज आहे. ती मेलला जोडा. खातं बदलल्याचा मेल आला की फोन करायचा, आणि तो मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. जुन्या छापील बिलावरचा किंवा डायरीतला नंबर. शक्य असेल तर तो फोन सासऱ्यांनीच करावा. वीस वर्षांची ओळख असेल तर दोन वाक्यांत कळतं.

यामागे एक तांत्रिक कारणही आहे. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. तुम्ही नावाच्या रकान्यात व्यापाऱ्याचं नाव अचूक लिहिलंत म्हणून ते पैसे अडत नाहीत. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५पर्यंत बँकांना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकलं की त्या खात्याचं खरं नाव समोर येतं. नवं खातं जोडताना हे नाव न बघता पुढे जायचं नाही. फर्मऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव, किंवा सोलापूर-इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचं खातं कुठल्यातरी लांबच्या शाखेत निघालं, तर तिथेच थांबा. नाव जुळलं तरी पहिल्यांदा हजार रुपये पाठवून 'मिळाले का' असं फोनवर विचारायचं आणि मग बाकीचे. 'आत्ताच पाठवा, नाहीतर माल अडेल' असं मेलमध्ये असेल तर एक दिवस मुद्दाम थांबा. खरा व्यापारी एका दिवसाने रागावत नाही.

बघण्याची एक गोष्ट मात्र शिकून ठेवा, पाठवणाऱ्याचा पत्ता. फोनवर नुसतं नाव दिसतं, आणि नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. नावावर टिचकी मारली की पूर्ण पत्ता उघडतो. '@' नंतरचा भाग वाचायचा, आणि तो उजवीकडून डावीकडे. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-क्लेम डॉट टॉप' असा पत्ता असेल तर आपलं लक्ष सुरुवातीच्या सरकारी नावाकडे जातं, पण मालक शेवटाला असतो. शेवट 'डॉट टॉप', त्याच्या लगेच डावीकडे 'रिफंड-क्लेम'. पत्ता त्याच्या मालकीचा, आधीचं सगळं सजावट. ('डॉट को डॉट इन' किंवा 'डॉट गव्ह डॉट इन' असा जोडशेवट असेल तर मालक त्याच्या डावीकडचा.) लिंकचंही तसंच, फक्त सुरुवातीच्या 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतच वाचायचं. कॉम्प्युटरवर लिंकवर बाण नुसता नेला की खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर बोट दाबून धरावं लागतं.

नकली अक्षरं हा पुढचा खेळ. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी-शेजारी, 'ओ'च्या जागी शून्य, 'एल'च्या जागी एक. डोळ्याने हे सुटतंच. म्हणून व्यापाऱ्याच्या मेलला उत्तर देताना 'रिप्लाय' न दाबता नवा मेल उघडून पत्ता तुमच्या यादीतून घ्या. उत्तर चोराकडे न जाता खऱ्या माणसाकडे जाईल आणि तोच सांगेल, 'मी असं काही लिहिलेलंच नाही.' मात्र त्याचीच पेटी चोराच्या ताब्यात असेल तर या मार्गानेही चोरच उत्तर देतो. पैशांच्या बाबतीत म्हणूनच फोन.

तुमच्या यजमानांसारख्या तांत्रिक आवड असलेल्यांसाठी अजून एक जागा आहे. मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडलं की वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी अशा तीन ओळी दिसतात. मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का, याच्या या तीन तपासण्या. 'फेल' दिसलं तर सावध व्हा. पण 'पास'वर खूश होऊ नका. 'पास'चा अर्थ एवढाच, की मेल त्या पत्त्यावरूनच आला. तो पत्ताच चोराने विकत घेतला असेल तर तिन्ही ओळी झकास पास होतात. ब्राउझरमधल्या कुलपाचंही तेच. कुलूप म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही, समोरचा प्रामाणिक आहे असं नाही.

आता ओमानचं गिऱ्हाईक. जीमेल स्पॅममधले मेल तीस दिवसांनी आपोआप पुसतं, म्हणजे तुम्ही वेळेत पोहोचलात. खरे मेल तिथे का जातात? लहान फर्म स्वस्तातली मेलसेवा घेते, तिच्या एसपीएफ-डीकेआयएमची कुणी मांडणीच केलेली नसते, त्याच सर्व्हरवरून इतरांनी कचरा पाठवलेला असतो, आणि तुम्हाला ते पहिल्यांदाच लिहीत असतात. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू या बाबतीत अधिकच कडक झाले. म्हणजे तुमच्या धंद्यात स्पॅमची पेटी हीसुद्धा कामाची पेटी आहे. सोमवारी आणि गुरुवारी दहा-दहा मिनिटं द्या. सगळं वाचायचं नाही. शोधपट्टीत इंग्रजीत 'इन', कोलन, 'स्पॅम' असं लिहून पुढे 'टॉवेल' लिहा, मग 'टेरी', मग 'जीएसएम' (कापडाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), मग 'डझन'. सापडलेल्या खऱ्या मेलवर 'नॉट स्पॅम' दाबा, नुसता वाचून सोडू नका, त्या दाबण्यानेच यंत्र शिकतं. याच शब्दांचा फिल्टर बनवून त्याला 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' लावता येईल. थोडा कचरा आत येईल, पण इन्क्वायरीच्या पत्त्यावर तो परवडतो.

इन्क्वायरी खरी का, याची मला पटलेली कसोटी अगदी सोलापुरी आहे. हाच मेल एक शब्दही न बदलता शेंगा चटणीवाल्याला पाठवला तर चालेल का? 'आम्हाला तुमच्या प्रॉडक्टमध्ये रस आहे, सोबतची यादी बघून दर कळवा' हा मेल चटणीवाल्यालाही चालतो, चादरवाल्यालाही आणि गणवेश शिवणाऱ्यालाही. खरा माणूस टॉवेलबद्दल बोलतो. ३० बाय ६०, ४५० जीएसएम, रंग पक्का आहे का, किती डझन, न्हावा शेवाहून की घरपोच. त्याला हे नीट मांडता येत नसेल, पण माल माहीत असतो. मोघम मेलला एकच ओळ उत्तर द्या, 'साईज, जीएसएम आणि डझन मेलमध्येच लिहून कळवा.' खरा लिहितो. यंत्राने पाठवलेला गप्प बसतो किंवा पुन्हा तीच फाईल पाठवतो.

ती फाईल उघडू नका. त्यातल्या त्यात तीन प्रकार तर नक्कीच नाहीत. पहिला, पासवर्ड लावलेली झिप, ज्याचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला असतो. कुलूप लावण्याचं कारण एवढंच, की जीमेलच्या तपासणीला आत डोकावता येऊ नये. दुसरा, एचटीएमएल फाईल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं वेबपान. ती उघडली की लॉगिनचं पान येतं, त्यात तुमचा मेल पत्ता आधीच भरलेला, फक्त पासवर्ड टाकायचा बाकी. पर्चेस ऑर्डर बघायला तुमच्या मेलचा पासवर्ड कशाला लागेल? तिसरा, दोन शेपट्यांची फाईल, 'ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. विंडोज शेवटची शेपटी लपवतं आणि पीडीएफच दिसते. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा. साधी पीडीएफ बघायचीच असेल तर डाउनलोड न करता जीमेलमध्येच बघा. आणि टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप घेतलेली ड्राइव्ह काम झालं की काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही बंद करून टाकतो.

सोलापूरच्या निर्यातदारांना हमखास येणारे आणखी काही नमुने सांगतो. 'चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाचं डोमेन नोंदवतेय, सात दिवसांत हरकत घ्या' हा नुसता डोमेन (इंटरनेटवरचं नाव) विकण्याचा धंदा आहे, पुसून टाका. आयात-निर्यात कोड दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावा लागतो हे खरं, पण तो डीजीएफटीच्या (परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) सरकारी संकेतस्थळावर आणि त्या काळात फीशिवाय होतो. लघुउद्योगांची उद्यम नोंदणीही फुकट आहे, तिची फी मागणारा सरकार नाही. आयकराची नोटीस आली तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. १ ऑक्टोबर २०१९पासून विभागाच्या पत्रांवर हा क्रमांक असतो. बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं. इथे 'बँक'च्या आधीचा टिंब बघायचा. 'अमुकबँक डॉट इन' आणि 'अमुक डॉट बँक डॉट इन' ही दोन वेगळी घरं आहेत, पहिलं कुणालाही विकत मिळतं.

आणि 'तुमच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठवा' असा मेल घरातल्या कुणाला आला, त्यात त्यांचा जुना पासवर्डही लिहिलेला असला, तर घाबरू देऊ नका. पासवर्ड कुठल्यातरी फुटलेल्या संकेतस्थळाच्या यादीतून आलेला असतो, व्हिडिओ नसतो. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदला. उत्तर देऊ नका. हे मेल लाजेमुळे लपवले जातात, म्हणून जेवताना सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकलेलं बरं.

यजमानांची नव्या पत्त्याची कल्पना अर्धी घ्या. जुना पत्ता टाकून दिला तर जुनी गिऱ्हाइकं तुटतील, आणि नवा पत्ता वेबसाईटवर, व्यापारी यादीत, प्रदर्शनातल्या कार्डावर छापला की काही महिन्यांत पुन्हा तोच कचरा. पत्ते गोळा करणारी यंत्रं तिथूनच ते उचलतात. त्यापेक्षा जुना पत्ता इन्क्वायरीसाठी राहू द्या आणि नवा फक्त बँक, जीएसटी, आयकर आणि चार-पाच मोठ्या व्यापाऱ्यांसाठी. तो कुठेही छापायचा नाही, कुठल्या फॉर्मवर भरायचा नाही. मग गंमत बघा, 'तुमचं खातं बंद होतंय' असा बँकेचा मेल जुन्या पत्त्यावर आला की वाचायचीही गरज नाही. बँकेकडे नवा पत्ता नोंदवलात की खरी बँक जुन्यावर लिहिणारच नाही. स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं नूतनीकरण कधी चुकवू नका. सोडलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं की तुमचे मेल त्याच्या पेटीत पडतात.

'अनसबस्क्राइब' तुम्ही स्वतः नाव दिलेल्या दुकानांच्या मेलवर दाबा. अनोळखी मेलवर नको, पत्ता जिवंत आहे याची ती पावती होते. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'.

कधी पैसे गेलेच, तर आधी बँकेला फोन आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते, पण फोन आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायला फार वेळ लागत नाही, वाटेत अडवले तरच परत येण्याची आशा. यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) हाताशी ठेवा, मेल पुसू नका. तुमचे पैसे वाचले असले तरी तो मेल आणि खाते क्रमांक त्याच पोर्टलवर नोंदवा, त्या खात्याकडे अजून कुणाचे तरी पैसे निघालेले असतील.

ओमानच्या गिऱ्हाइकाला अजून उत्तर दिलं नसेल तर आजच द्या. सबब सांगत बसू नका, 'तुमचा मेल स्पॅममध्ये गेला होता, आज सापडला' एवढं पुरे. साईजनुसार दर, एका कार्टनमध्ये किती डझन बसतात आणि माल किती दिवसांत निघेल ते मेलमध्येच लिहा, कॅटलॉग जोडू नका. अनोळखी पत्त्यावरून आलेली जड फाईल त्याच्याकडेही स्पॅममध्ये जाऊ शकते.